अव्वानं खेळायचं ठरवलं

आमच्या सोलापुरातल्या घरात दिवस उजाडायचा तो डंक्याच्या आवाजानं. मागच्या पडवीत विकायची शेंगाचटणी कुटायचं लोखंडी यंत्र होतं, त्याला सगळे डंका म्हणायचे. बटण दाबलं की दोन जाड मुसळं आळीपाळीनं वर उचलली जायची आणि खालच्या उखळात धप्प, धप्प अशी आदळायची. फडताळातल्या वाट्या त्या तालावर किणकिणायच्या. मला त्या आवाजाची इतकी सवय होती की परगावी मुक्कामाला गेले तर तिथल्या शांततेनंच जाग यायची. आधी नुसते भाजलेले शेंगदाणे, मग लसूण, मग जिरं-मीठ, आणि शेवटी लाल तिखट. तिखट पडलं की अख्खा बोळ शिंकायचा. चटणीला कडेनं तेल सुटायला लागलं की अव्वा मोटार बंद करायची, चिमूटभर चटणी माझ्या तळहातावर ठेवायची आणि विचारायची, "काय कमी हाय?" मी शाळेच्या गणवेशात, डोळ्यांत पाणी, आणि तरी विचार करून सांगायची, "मीठ." माझं मत घेऊन ती खरोखर मीठ टाकायची. घरात माझं मत विचारलं जायचं असं ते एकच ठिकाण होतं.

आईला आम्ही अव्वा म्हणायचो. ती कर्नाटकच्या सीमेकडच्या मंद्रूपची. तिच्या माहेरी कानडी आणि मराठी एकाच वाक्यात नांदायच्या, आणि राग आला की तिचं वाक्य मराठीत सुरू होऊन कानडीत संपायचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते, सोलापूर-बार्शी गाडीवर. दिवसभर माणसांना आत सरकवून, वाटेतल्या थांब्यांची नावं, 'वैराग, वैराग' ओरडून त्यांचा घसा घरी येईपर्यंत बसलेला असायचा. म्हणून घरात ते फार बोलत नसत. हातपाय धुऊन टीव्हीसमोर बसत, बातम्या लावत, आणि त्यानंतर जेवणापर्यंत टीव्ही त्यांचा. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, पण चपला उंबऱ्याबाहेर काढायच्या इतकंच ते पक्कं होतं. माझा भाऊ सिद्धूदादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, डिप्लोमाला होता. आणि मी गिरिजा, नुकती दहावी झालेली, कायम वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढणारी.

हे सगळं सुरू झालं ते अव्वाच्या पायापासून. मिरचीचं पोतं सरकवताना ती पडवीच्या पायरीवरून घसरली आणि घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. चटणीचं काम शेजारच्या पद्माकाकूंनी सांभाळलं. पद्माकाकू विणकरांच्या घरातल्या, घरी तेलुगू बोलायच्या, आणि आमच्याशी बोलताना मराठीला असा काही हेल काढायच्या की शिवीसुद्धा गाण्यासारखी वाटायची. अव्वा मात्र पुढच्या खोलीतल्या दिवाणावर, पाय उशीवर ठेवून पडलेली. तिला पडून राहता येत नव्हतं. तिनं आयुष्यात कधी ते केलंच नव्हतं. पहिल्या आठवड्यात तिनं सगळ्या उशांचे अभ्रे उसवून पुन्हा शिवले. दुसऱ्या आठवड्यात शिवायला काही उरलं नाही, तेव्हा मी माझ्या फोनवर गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ लावून तिच्या हातात दिला आणि क्लासला निघून गेले.

परत आले तर ती तशीच बसलेली. दुपारचा चहा बाजूला साय धरून थंड झालेला. मला बघून तिनं मान वर केली नाही.

"गिरे," ती म्हणाली, "हे वळण आलं की माझा अंगठाच रस्त्यावर येतोय. पुढचं काय दिसंना झालंय."

मी हसले. ती हसली नाही. ती तक्रार करत होती, जशी डंक्याचा पट्टा सैल झाल्याची करायची. पुढचे चार आठवडे माझा फोन मला जवळजवळ मिळालाच नाही. तिनं सगळ्या गाड्या मिळवल्या, सगळे रस्ते संपवले. डोळे दुखायचे, मान आखडायची, पण ती वळणावर अंग कलवत खेळत राहायची. प्लास्टर निघालं, ती पुन्हा पडवीत गेली, डंका सुरू झाला. मला वाटलं, संपलं.

मग एक दिवस जेवताना, कडक भाकरी मोडून त्यावर चटणी आणि दही घेताना, ती सहज म्हणाली, "मला एक खेळायचं यंत्र घ्यायचंय. मोठ्या पडद्याचं. चटणीचे पैसे बाजूला टाकलेले हायेत माझे."

आप्पांना वाटलं आमच्यासाठी. "पोरांना काय करायचंय? अभ्यास करू दे की."

"पोरांना न्हाय. मला. खेळायला."

भाकरी मोडायचा आवाज थांबला. आप्पांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं तिकिटाचा थांबा येऊनही उतरायला तयार नसलेल्या माणसाकडे बघत असतील. "खेळायला? ह्या वयात?"

"मग कुठल्या वयात? आधी सवड कुटं होती?"

ती भांडत नव्हती. खरंच विचारत होती. आप्पांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि तो रिकामा आहे हे दिसल्यावरही तोंडाला लावला. आज मागे वळून बघताना कळतं की ते वाक्य बोलायला तिला किती दिवस लागले असतील. आमच्या घरात तिनं स्वतःसाठी मागितलेली गोष्ट मला त्याआधीची एकही आठवत नाही. साड्या सणाला यायच्या, चष्मा डॉक्टरनं सांगितला म्हणून आला. मागून घेतलेलं असं काहीच नव्हतं.

दादाचे डोळे मात्र चमकले. दुसऱ्याच दिवशी त्यानं मला गच्चीवर गाठलं. मी सुकत घातलेल्या मिरच्या उलथत होते. तो शेजारी उकिडवा बसून स्वतःहून मिरच्या उलथायला लागला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"गिरे, नीट ऐक. अव्वाला गेमिंग लॅपटॉप घ्यायला लावू. तिला काय, आठ दिवस कौतुक, मग विसरून जाईल. मग तो आपलाच की. माझी डिझाइनची सॉफ्टवेअर चालतील. आणि तुला चित्रं काढायची, हलती चित्रं करायची हायेत ना? त्याच्यावर सगळं होतं. सकाळी तुझा, संध्याकाळी माझा."

"आणि कन्सोल घेतला तर?"

"तो टीव्हीला जोडायचा डबा. नुसता खेळायचा. त्याच्यावर ना तुझं चित्र, ना माझा अभ्यास. आणि टीव्ही आप्पांचा. घरात रोज महाभारत. तुला पाहिजे?"

मला नको होतं. मला हलती चित्रं हवी होती. आमच्या शाळेतल्या एका मुलीकडे तसा लॅपटॉप होता, आणि तिनं काढलेली एक चिमणी पडद्यावर उडताना मी बघितली होती. त्या चिमणीनं मला कित्येक दिवस झोप लागू दिली नव्हती. मी मिरच्यांकडे बघत 'बरं' म्हणाले. बोटांना तिखट लागलं होतं, आणि ते विसरून मी डोळा चोळला.

पुढचे दहा दिवस आम्ही दोघांनी मिळून अव्वाचं शिक्षण केलं. दादा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड समजावून सांगायचा, मी मान डोलवायची. अव्वा लसूण सोलता सोलता ऐकायची आणि भलतेच प्रश्न विचारायची. "चालू व्हायला किती येळ लागतो?" "मांडीवर धरला तर गरम होतो का?" "दूध ठेवून येऊन खेळता येतं का, का परत पहिल्यापासनं?" दादा हसून म्हणायचा, "अव्वा, हे मुद्दे नव्हेत गं. मुद्दा असा की लॅपटॉपवर सगळंच होतं." आणि अव्वा म्हणायची, "सगळं नको मला. सगळं मी करतेच की दिवसभर." हे ऐकूनही मी गप्प बसले. इतक्या वर्षांनी लिहिताना मला त्या गप्प बसण्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

दुकान नव्या पेठेजवळ होतं, पहिल्या मजल्यावर, काचेचं दार, आत एसीचा गारवा. अव्वानं लग्नकार्याची निळी इरकल नेसली होती. आप्पा आले नाहीत. 'तुमचं तुमी बघा' एवढंच म्हणाले आणि ड्यूटीवर गेले. दुकानात वसीम नावाचा विक्रेता होता, चष्मा लावलेला, तिशीचा, सावकाश बोलणारा. दादानं आत शिरल्या शिरल्या लॅपटॉपचं मॉडेल सांगितलं. वसीमनं ते काढायच्या आधी हात पुसले आणि विचारलं, "देतो की. पण पहिले एक सांगा, खेळणार कोण?"

"मी," दादा म्हणाला. "म्हणजे आम्ही सगळेच."

मी अव्वाकडे बघितलं. मागे कॉलेजची तीन-चार पोरं उभी होती, हेडफोन बघत होती. ज्या बाईनं भर जेवणात आप्पांना उत्तर दिलं होतं, ती पदर खांद्यावर ओढून घेत, जमिनीवरच्या पांढऱ्या फरशीकडे बघत म्हणाली, "पोरंच खेळतील की. मी काय, आपली सोबत आले."

हे वाक्य आम्ही तिला दहा दिवस शिकवत होतो, शब्द न वापरता. तिनं ते पाठ केलं होतं. मी म्हणाले, "नाही. ही खेळणार." आवाज एवढा मोठा आला की ती पोरं वळून बघायला लागली. "आमची अव्वा खेळणार आहे. तिच्यासाठीच घ्यायचंय. आम्हा दोघांना नाही."

दादानं माझ्या दंडाला चिमटा काढला. वसीमच्या चेहऱ्यावर हसू आलं नाही, आणि त्याबद्दल मी त्याची आजही ऋणी आहे. तो नुसता म्हणाला, "आंटी, मग तुम्ही बसा. बाकीचे उभे राहू दे."

त्यानं आधी लॅपटॉप मांडला. अव्वा स्टुलावर वाकून बसली. डाव्या हाताची बोटं चार बटणांवर, उजवा हात माऊसवर. गाडी सुरू झाली आणि सरळ भिंतीत गेली. परत मागे घेतली, परत भिंतीत. लॅपटॉपचा पंखा घोंगावायला लागला. अव्वानं त्याच्या कडेला हात लावला आणि चटकन काढून घेतला, जसा तव्यावरनं काढतात. "अक्षरं लई बारीक हायेत," ती म्हणाली. मग वसीमनं तिला समोरच्या कोचावर बसवलं, भिंतीवरचा मोठा टीव्ही लावला आणि कन्सोलचा कंट्रोलर हातात दिला. तिनं तो उलटसुलट करून बघितला. दोन्ही तळव्यांत तो बरोबर बसला.

पहिल्या फेरीत ती शेवटची आली. दुसऱ्या फेरीत पाचवी. तिसऱ्या फेरीला ती कोचाच्या कडेला सरकली आणि तिनं पदर कमरेला खोचला. डंक्यात हात घालायच्या आधी ती खोचायची तसा. वळणावर इतर गाड्या वेग कमी करत होत्या. ती आधीच आत शिरत होती. कॉलेजची पोरं हेडफोन सोडून मागे येऊन उभी राहिली. "काकू, ब्रेक! ब्रेक!" एक ओरडला. "गप रे," अव्वा म्हणाली, "ट्रॅक्टर चालवलाय मी बांधावरनं." ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. लग्नाच्या आधी मंद्रूपला ती वडिलांचा ट्रॅक्टर शेतात न्यायची, एका चाकाखाली बांध आणि एका चाकाखाली चर. लग्न झालं आणि स्टिअरिंग सुटलं. आम्हाला कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं. तिसऱ्या फेरीत ती दुसरी आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अव्वा घामेजली होती, एसीत.

पण दादा शहाणा होता आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तो म्हणाला, "वसीमभाई, हाच कंट्रोलर लॅपटॉपला जोडता येतो ना? आणि लॅपटॉप टीव्हीला?"

"येतो," वसीम प्रामाणिकपणे म्हणाला. "वायर लावायची, सेटिंग करायची. होतं सगळं."

"बघ अव्वा! मग दोन्ही एकातच झालं. तुझा खेळ पण, आमचा अभ्यास पण."

अव्वा विचारात पडली. पैसे तिचे, पण मुलांचा अभ्यास हा शब्द कानावर पडला की तिचं मन वितळायचं. ते दादाला ठाऊक होतं. ती माझ्याकडे वळली. पडवीत चटणी तळहातावर ठेवून बघायची तसं बघत तिनं विचारलं, "गिरे, तुला काय वाटतं?"

ती चिमणी माझ्या डोळ्यांसमोर होती. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं.

"अव्वा, लॅपटॉप घेतला तर तो दादाच्या खोलीत जाईल," मी म्हणाले. "सकाळी माझ्याकडे असेल. आमचं ठरलंय तसं. तुला खेळायचं झालं तर आम्हाला मागावा लागेल. आम्ही म्हणू, अव्वा, परीक्षा आहे, उद्या खेळ. तू म्हणशील, बरं. मग तू मागायचंच सोडून देशील."

दादाचे कान लाल झाले होते. अव्वानं माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं आता ती कानडीत बोलेल. तिनं कंट्रोलर मांडीवर ठेवला, त्यावरून एकदा हात फिरवला आणि वसीमला म्हणाली, "हे द्या. हातात धरायचे असले दोन द्या. एकटीनं खेळून काय करू?"

घरी येताना रिक्षात दादा पुढे बसला. अव्वाच्या मांडीवर खोकं. बाहेर बघत, माझ्याकडे न वळता ती म्हणाली, "तुला लॅपटॉप पायजे होता?"

"व्हय."

"मग तोंडानं मागायचं. माझ्या नावाखाली न्हाय." तिनं माझा हात आपल्या हातात घेतला. तिच्या तळव्याला कायम लसणाचा वास असायचा. "पण आज बोललीस. बरं केलंस." पुढे दोन वर्षांनी मी तोंडानं मागितला, आणि तोवर कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत रांग लावून काम केलं. त्या रांगेत उभं राहताना मला कधी वाईट वाटलं, असं आठवत नाही.

यंत्र जोडायला दादानंच मदत केली. रुसला होता, पण वायरी दुसऱ्या कुणी लावलेल्या त्याला बघवत नव्हत्या. चालू केल्यावर त्यानं आधी तासभर इंटरनेटवरून काहीबाही उतरवून घेतलं, आणि अव्वा दर पाच मिनिटांनी पडवीतून येऊन बघून जायची. मग पडद्यावर खेळाडूचं नाव मागितलं. दादानं 'अव्वा' लिहायला घेतलं, तर ती म्हणाली, "अव्वा तुमच्यासाठी. माझं नाव लिही." दादानं महादेवी लिहिलं. एवढ्या मोठ्या पडद्यावर, निळ्या अक्षरांत. त्यानं मागे वळून तिच्याकडे बघितलं, आणि तिथेच त्याचा रुसवा निम्मा गेला.

खरी परीक्षा आप्पा घरी आले तेव्हा झाली. आम्ही बहीण-भाऊ स्वयंपाकघराच्या दाराआड उभे. आप्पा उंबऱ्याशी, खांद्याला बॅग, हातात तिकिटाचं मशीन. टीव्हीवर बातम्या नव्हत्या. एक लाल गाडी डोंगराच्या रस्त्यानं भन्नाट चालली होती, आणि दिवाणावर त्यांची बायको पदर खोचून बसली होती.

"बातम्या लाव," आप्पा म्हणाले.

"शेवटची फेरी हाय. थांबा जरा."

आप्पा थांबले. ते रागानं थांबले की आश्चर्यानं, मला सांगता येणार नाही, पण बॅग खांद्यावर तशीच ठेवून ते उभे राहिले. घाट आला. एक वळण, दुसरं वळण. आप्पांचं अंग उजवीकडे कललं. गेली तीस वर्षं चालत्या गाडीत उभं राहून काढलेला माणूस तो. रस्ता वळला की त्यांच्या पायांना आपोआप कळायचं. तिसऱ्या वळणाला त्यांच्या तोंडून निघालं, "अगं, आत घे, आत घे! मागनं ट्रक येतोय!" ट्रक नव्हता, दुसरी गाडी होती. अव्वानं आत घेतली. ती पहिली आली. आप्पांनी बसलेल्या घशानं 'शाब्बास' म्हटलं आणि मग स्वतःच दचकून बॅग खाली ठेवली. त्या दिवशी बातम्या अर्ध्या तासानं लागल्या. आठवड्याभरात आप्पा घरी येऊन आधी विचारू लागले, "आज कुठला रस्ता?"

ही बातमी बोळात पसरायला पद्माकाकू पुरेशा होत्या. काही बायका नाक मुरडून गेल्या, 'लेकरासारखं खेळती बया' म्हणून. त्यातल्याच दोघी चार दिवसांनी चटणी घ्यायच्या निमित्तानं आल्या आणि दिवाणाच्या कडेला टेकल्या. अव्वाचं काम कमी झालं नव्हतं. डंका तसाच पहाटे सुरू व्हायचा. पण दुपारी भांडी झाली की तासभर ती खेळायची, मोजून तासभर, आणि उठताना तिचा चेहरा असा असायचा जसा तिचा मी फक्त जुन्या फोटोत बघितला होता.

मग तो रविवार आला. दादाचे दोन मित्र घरी आले होते, खेळात स्वतःला तरबेज समजणारे. दादानं अव्वाला म्हटलं, "अव्वा, यंत्राबरोबर जिंकणं सोपं हाय. माणसाबरोबर खेळ की एकदा." अव्वा सोमवारच्या चटणीसाठी लसणाची टोपली पुढ्यात घेऊन बसली होती. तिनं टोपलीकडे बघितलं आणि म्हणाली, "हरंल त्यानं हे सगळं सोलायचं. तुमी तिघं येकापाठोपाठ या. मी येकटीच."

पहिला मित्र दुसऱ्याच वळणावर दरीत गेला. दुसरा चांगला होता, पण फार घाई करायचा. अव्वानं त्याला पुढे जाऊ दिलं, मागे मागे राहिली आणि शेवटच्या फेरीत तो गडबडला तेव्हा शेजारून शांतपणे निघून गेली. तोवर खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. पद्माकाकू, त्यांची सून, समोरच्या घरातल्या दोघीतिघी, दाराशी आप्पा. मग दादा बसला. त्यानं कॉलर नीट केली, बाह्या दुमडल्या. दादा खरंच चांगला खेळायचा. दोन फेऱ्या तो पुढे होता. तिसऱ्या फेरीत घाट सुरू झाला आणि आप्पांना राहवेना. ते रोजच्या आवाजात ओरडायला लागले, "चला, आत सरका, आत सरका! पुढं जागा हाय!" बायका हसायला लागल्या. अव्वाचे दात ओठावर घट्ट होते. शेवटचं वळण अगदी अरुंद होतं. दादानं नेहमीसारखा बाहेरून मोठा वळसा घेतला. अव्वानं वेग सोडला नाही. तिच्या गाडीची दोन चाकं रस्त्यावर आणि दोन कडेच्या गवतावर, अशी ती दादाच्या आतून निघाली, एवढ्याशा फटीतून, आणि तिच्या गाडीचं नाक रेषेच्या पलीकडे गेलं तेव्हा दादाचं अजून अलीकडेच होतं.

आमच्या घरात असा आवाज त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही फारसा झाला नाही. पद्माकाकू तेलुगूत काहीतरी ओरडल्या. आप्पांनी टाळ्या वाजवता वाजवता दाराच्या चौकटीवर हात आपटून घेतला. मी उड्या मारत होते आणि रडतही होते, आणि दोन्ही का करतेय हे मला माहीत होतं. दादा मोठ्यानं हसला, उठला, अव्वाच्या पाया पडल्यासारखं केलं आणि लसणाची टोपली आपल्याकडे ओढून मित्रांना म्हणाला, "बसा रे. नखं वाढवा."

अव्वानं त्याच्याकडे बघितलंही नाही. तिनं साडीला हात पुसले, दुसरा कंट्रोलर उचलला आणि भिंतीला टेकून बसलेल्या बायकांसमोर धरला. त्या एकमेकींकडे बघू लागल्या, कुणी पदर तोंडाला लावला, कुणी मागे सरकली.

"लाजता काय?" अव्वा म्हणाली. "धरा की. कोण बसतंय?"

आणि पद्माकाकू पुढे सरकून चष्मा पदरानं पुसू लागल्या.